आपला गाजलेला निबंध

बिश्केक, एप्रिल

प्रिय मेदेर,

माझ्या ईमेलना तू आता उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. पाकीट हातात आलं की फोडल्याशिवाय तुला राहवत नाही, एवढं तरी बदललं नसेल. जर्मनीत आता बर्फ सरला असेल. इथे आई काठी टेकत का होईना, अंगणात हिंडायला लागली आहे. मधूनच तुझी आठवण काढते. "तो उंच मुलगा, माझे तळलेले बोरसोक कढईजवळ उभ्यानंच संपवायचा, तो गं," म्हणते. नाव तिला आठवत नाही आणि मीही सांगत नाही.

आपला अक-जोल हिमनदीवरचा शोधनिबंध यंदाही गाजला. संस्थेच्या वार्षिक सभेत आमचे संचालक सापार बाइके यांनी तो पडद्यावर झळकवला. चारशेच्या वर लोकांनी त्याचा संदर्भ दिलाय. "एका पारड्यात अख्खी संस्था आणि दुसऱ्यात आमच्या बुरुलचा हा एक निबंध!" असं म्हणून त्यांनी मला फुलं दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तो गुच्छ खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटत होता. आता पगारावरचा भत्तासुद्धा आम्हाला संदर्भ मोजून मिळतो. हिमनदीवर कोण चढलं, कुणाच्या बोटांना हिमदंश झाला, याला शून्य गुण.

गेल्या उन्हाळ्यात मी अक-जोलला गेले होते, हे तुला कळवलं होतं. आपल्या तापमापकाच्या पेटीपाशी न थांबता पाय मोकळे करायला बरीच वर चढले. तिथे खडकात गंजलेले चार लोखंडी पाय रोवलेले दिसले. पेटीचे पाय, मेदेर! आपण जायच्या कितीतरी आधी, एका हिवाळ्यात हिमकडा कोसळला आणि पेटी खाली आणून बसवली गेली. जुन्या पत्रव्यवहारात एका ओळीची नोंदही सापडली. खाली हवा उबदार असणारच. आपण मात्र वरचे जुने आकडे आणि खालचे नवे आकडे एकाच जागेचे समजून जोडले, आणि जगाला सांगितलं की वीस वर्षांत अक-जोल संपणार. हिशोब पुन्हा मांडला तर साठ-सत्तर वर्षं निघतात. चूक तुझीही नव्हती, माझीही नव्हती. तेव्हा नव्हती.

उतरताना पायथ्याच्या तेरेक-बुलाक गावात झुरा आपांकडे गेले. वरच्या संशोधन-स्टेशनवर असताना आपल्याला ताकासारखं ऐरान पाठवायच्या, त्याच. त्यांनी चहा ओतला, पाव पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ये बाई, बस. तूच ना ती, आमचं पाणी संपवणारी?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. प्रांताच्या कचेरीतून साहेब येऊन गेले होते, त्या सांगत होत्या. त्यांच्या हातात आपल्या निबंधाचा रशियन गोषवारा होता. फुटलेला कालवा दुरुस्त होणार नाही, शाळेची नवी इमारत होणार नाही. पाणीच उरणार नाही तिथे पैसा कशाला ओतायचा? अर्धं गाव घोड्या विकून शहराबाहेरच्या वस्तीत जाऊन राहिलंय. "माझा धाकटा तिथे बाजारात हातगाडी ओढतो. तुमच्या त्या कागदात त्याचं नाव आहे का गं?" आपांनी विचारलं. मी चहा तसाच ठेवून उठले.

मग मी दुरुस्तीचं टिपण लिहिलं, संस्थेच्याच अंकात छापलं. त्याचा संदर्भ आजवर एकीनंच दिलाय: मी. कचेरीत नेऊन दाखवलं तर तिथला कारकून म्हणाला, "ताई, हे दोन पानांचं. ते केवढं नावाजलेलं! आम्ही कुणाचं ऐकायचं?" मूळ निबंध मागे घेऊ या, असं सापार बाइकेंना म्हटलं, तर त्यांनी आधी खोलीचं दार लावलं, मग म्हणाले, "पोरी, तो काढला तर संस्थेचं नाव अनुदानाच्या यादीतून उडेल. चाळीस घरांच्या चुली आहेत इथे."

आणि तू! तीन ईमेलना एक उत्तर. "हवामान बदलतच नाही म्हणणाऱ्या माकडांच्या हाती तू कोलीत देतेयस. शिवाय माझी प्राध्यापकी ठरतेय, तेवढं होऊ दे." झाली की ती, शरदातच. अभिनंदन. बर्फ वितळतोय, हे खरंच आहे, मेदेर. मग खऱ्याला खोट्या आकड्याचा टेकू कशाला? ती माकडं आज ना उद्या ते चार पाय शोधतीलच. तेव्हा आपल्याबरोबर इतर सगळ्यांचं खरंही खोटं ठरेल. तंबूत दोन मोजे एकावर एक घालून, मेणबत्तीपाशी एकेक आकडा तीनतीनदा तपासायला लावणारा मुलगा कुठे गेला, हा प्रश्न मी हिवाळाभर स्वतःला विचारला. तू जर्मनीला बरोबर चल म्हणालास तेव्हा आईच्या आजारपणामुळे मी आले नाही. त्याचं दुःख होतंच. पण तेव्हा तुझा असा राग आला नव्हता.

आज सकाळी मी निबंध मागे घ्यायचा अर्ज त्या नियतकालिकाकडे पाठवला. त्याची प्रत कचेरीत दिली, एक झुरा आपांकडेही. दुपारी सापार बाइकेंनी माझ्या खोलीची किल्ली मागून घेतली. माझ्या नजरेला नजर देता आली नाही त्यांना. संपादक तुला विचारतीलच, पण तुला हे नुसतं परक्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. अर्जावर सही करायला ते नियमानं तुला महिनाभर देतील. नाही केलीस तर माझ्या एकटीच्या नावानं छापतील. मी परवानगी मागत नाही. पण जे दोघांनी मिळून लिहिलं, ते मागे घेताना मला एकटीनं उभं राहायचं नाहीये रे.

अजूनही परकी न झालेली,
बुरुल