बाल्शा, एकशे त्रेचाळीस सेंटिमीटर

३ फेब्रुवारी
बाल्शा आज १४३ भरला. ऑगस्टात १३७ होता. वय आठ वर्षं दोन महिने. या निक्शिच गावात माझ्याहून बुटका पुरुष शोधून सापडत नाही. नगरपालिकेत मला ‘छोटा राडोमान’ म्हणतात, मोठा राडोमान कुणी नसतानाही. आता म्हणा.
संकल्प : पोराला बास्केटबॉल. रोज तीन अंडी.

१९ फेब्रुवारी
सेन्काचं (माझी बायको) म्हणणं, बाल्शाच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, बकरीचं चीज खाणाऱ्याला वास येणारच. विषय संपला. निदान माझ्याकडून.

८ मार्च
महिला दिन. सेन्काला फुलं आणली. तिने आभार मानायचे सोडून पोराच्या ओठावरच्या लवेचा आणि कपाळावरच्या पुटकुळ्यांचा विषय काढला. आमच्या घराण्यात मिशा लवकर येतात, असं ठणकावून सांगितलं. माझी एकविसाव्या वर्षी आली, हे तिने लक्षात ठेवायची काही गरज नव्हती.

१५ मार्च
शेजारच्या मिलुनची मुलगी अकरा वर्षांची. एकदम उंच झाली, तोंडावर मुरुमं, दिवसभर दारं आपटते. मी मिलुनला बाजूला घेऊन समजावलं की हे फार लवकर आहे, दाखवून घे. माणसाला शेजारधर्म असतो.

१८ मार्च
मिलुन जाऊन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अकराव्या वर्षी हे व्हायचंच. मुलीत आठाच्या आत किंवा मुलात नवाच्या आत दिसलं तर धावत या. एवढं सांगून मिलुन माझ्याकडे बघत राहिला. मी हवामानाचा विषय काढला.

२ एप्रिल
सरावासाठी बाल्शाला बारा वर्षांच्या पोरांत टाकायला लावलं. प्रशिक्षक ड्रागिशा कां कू करत होता. बाल्शा म्हणतो, माझे मित्र तिकडे राहिले, हे मला घेत नाहीत. घेतील. रात्रीच्या जेवणाला त्याने ताट ढकललं आणि दारावर लाथ मारली. पायात जोर चांगला आहे.

२६ एप्रिल
नऊच्या आतल्यांची स्पर्धा. बाल्शाने एकट्याने सामना जिंकला आणि राजधानीहून, पॉडगोरिकाहून आलेल्या पालकांनी गोंधळ घातला. म्हणे मुलगा आठचा नाहीच, जन्मदाखला खोटा. खोटा! जन्मनोंदणीच्या टेबलावर गेली एकोणीस वर्षं मीच बसतो, ही नोंद मी स्वतःच्या हाताने केली आहे. हे सांगितल्यावर ते हसायलाच लागले.
कुणीतरी म्हणालं, हाताचा एक्स-रे काढा, हाडं वय सांगतात. काढतोच.

२९ एप्रिल
एक्स-रे झाला. सेन्का म्हणाली, मी दोन महिने डॉक्टर डॉक्टर करतेय तेव्हा हलला नाहीस, स्पर्धेच्या कपासाठी तीन दिवसांत आलास. तत्त्वाचा प्रश्न होता, हे तिला कळत नाही. रिपोर्टच्या दहा प्रती काढणार. पॉडगोरिकाला रजिस्टर पोस्टाने.

७ मे
हाडं साडेबारा वर्षांची निघाली.
मी म्हटलं, मशीन बिघडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीन ठीक आहे. मी म्हटलं, मग दाखला? नोंद माझी आहे, चुकणार नाही.
“दाखला खरा आहे, म्हणूनच काळजी आहे,” त्या म्हणाल्या. “हा आठव्या वर्षीच वयात आलाय. आज हा वर्गात सगळ्यांत उंच. थोड्याच वर्षांत याची वाढ थांबेल आणि बाकीचे वाढत राहतील. असंच सोडलं तर तुमच्यापेक्षाही बुटका राहील.”
औषध आहे. दर महिन्याला इंजेक्शन, हे वयात येणं थोपवून धरायला, म्हणजे उंचीला वेळ मिळेल. त्याआधी हे कशामुळे झालं ते बघायला डोक्याचं स्कॅनिंग. उशीर झालाय, पण हातचं गेलेलं नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. सेन्का गप्प बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.
आज फक्त रक्त घ्यायचं होतं. सुई बघून बाल्शाचा चेहरा उतरला. तो माझ्या कानाशी आला.
“बाबा, बारा वर्षांच्यांनी रडायचं नसतं ना?”
“तू आठचा आहेस,” मी म्हटलं.
मग तो माझा शर्ट दोन्ही मुठींत धरून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा रडला. मी त्याला मांडीवर घेतलं. मावत नव्हता.