दिवेलागणीनंतर पाणी नाही

बाबा, आज तुम्हाला माझ्या कामाबद्दल सांगायचं आहे, आणि आडपडदा न ठेवता सांगते की मी गांजा लावते. आधी बसून घ्या. चोरून लावत नाही. सरकारी परवाना आहे, दाराला दोन कुलपं आहेत, जागोजागी कॅमेरे आहेत आणि प्रत्येक रोप मोजलेलं आहे. लेस्टरपासून गाडीने तासाभरावर, शेतांच्या मधोमध, एक बिनखिडक्यांची पांढरी शेड आहे. तिथे दिव्यांच्या उजेडात ही झाडं वाढवतात आणि त्यांच्यापासून औषध बनतं. डॉक्टर लिहून देतात तेव्हाच ते मिळतं. तुमच्या वेळी हे असं मिळत नव्हतं. शेवटच्या हिवाळ्यात तुमचे पाय आतून जळायचे, चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. तशाच जळणाऱ्या पायांची माणसं आता हे औषध घेतात. हे मी कुणाला इतकं उलगडून सांगत नाही. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं तेव्हा म्हटलं, औषधी वनस्पतींचं काम आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे अश्वगंधा वगैरे?" मी म्हटलं, "तसलंच."

या जानेवारीत माझी खोली अडली. माझी खोली म्हणजे कोवळ्या रोपांची. जुन्या झाडाच्या फांद्या कापून, त्यांना मुळं फुटली की छोट्या कुंड्यांत लावायच्या आणि अंगात जीव धरेपर्यंत सांभाळायच्या, हे माझ्याकडे. कुंडीत माती नसते, नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. कोकणातला नारळ आणि लेस्टरशायरचा गांजा, तुम्ही कपाळाला हात लावला असता. तर ती रोपं वाढेनात. मरतही नव्हती, हा त्यांचा आडमुठेपणा. पानं फिकट, टोकं खाली झुकलेली, नवीन पान उमलायला बघायचं आणि तिथेच थांबायचं. शेजारच्या खोलीत त्याच झाडाची भावंडं गुडघ्याला लागली होती आणि माझी वीतभरही नव्हती. मॅनेजर चांगला माणूस आहे, पण त्याच्या डोक्यावरही कुणी बसलेलं असतंच. तो म्हणाला की पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर अख्खी खोली नष्ट करावी लागेल. आमच्याकडे रोप कचऱ्यात टाकूनही देता येत नाही, साक्षीदार उभे करून त्याचा भुगा करावा लागतो. खोली गेली असती तर औषधाची एक खेप गेली असती, आणि कुणाचे तरी पाय तितके महिने जळत राहिले असते. मला नुकसानीच्या आकड्यांचं काही वाटत नव्हतं. मला त्या पायांचं वाटत होतं.

मग सगळ्यांची अक्कल सुरू झाली, माझ्यासकट. एक म्हणाला दिवे फार उंच आहेत, म्हणून दिवे खाली घेतले. दुसरीला बारीक माश्यांचा संशय, म्हणून चिकट पिवळे कागद टांगले, त्यांवर दोन माश्या चिकटल्या आणि त्यासुद्धा बहुधा म्हाताऱ्या होऊन. पाण्याचा आंबटपणा तपासला, ठीक. खोलीची हवा तपासली, ठीक. पाणी जास्त होतंय का म्हणून सकाळी सकाळी कुंड्या उचलून बघितल्या, वजन बरोबर. शेवटी मीच वैतागून खत वाढवलं आणि दोन दिवसांत पानांची टोकं करपली. रोग म्हशीला अन् औषध पखालीला. हे तुम्ही आपल्या डॉक्टरांविषयी म्हणायचात, त्यांच्या तोंडावर, मराठीत, हसत हसत, आणि ते बिचारे 'थँक यू' म्हणायचे. करपलेल्या टोकांकडे बघताना मला ते आठवलं आणि हसू काही आलं नाही. मी साधं पाणी देऊन खत धुऊन काढलं आणि पुन्हा होते तिथेच येऊन उभी राहिले.

तुमचं झाड आठवतंय ना? बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानदाराने दिलेलं कढीपत्त्याचं रोपटं. तेलाच्या डब्याला खालून भोकं पाडून तुम्ही ते लावता, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवता, आणि त्या दिवसापासून घरात एका माणसाची भर पडते. थंडीत त्याला तुमचा जुना मफलर. आई म्हणते, "मला कधी गुंडाळला नाहीत." तुमची सगळीच शास्त्रं बरोबर होती असं नाही. उरलेला चहा तुम्ही त्याला दुधासाखरेसकट पाजायचात आणि मग मुंग्या कुठून आल्या म्हणून आम्हाला विचारायचात. पण एक नियम तुम्ही कधी मोडू दिला नाहीत. संध्याकाळी सातला तुम्ही देवापुढे निरांजन लावायचात, मग स्वयंपाकघरातली ट्यूब लावायचात, ती दोनदा फडफडून पेटली की आम्ही सगळ्यांनी तिलाही नमस्कार करायचा, आणि त्यानंतर झाडाला हात लावायचा नाही. पानं तोडायची नाहीत, पाणी घालायचं नाही. झाड झोपलं.

जूनमधलं आपलं भांडण मला अजून लख्ख आठवतं. मी असेन दहा वर्षांची, शाळेत नुकतंच झाडं उजेडात कसं अन्न बनवतात ते शिकवलेलं, त्यामुळे अंगात आलेलं. सात वाजून गेलेत, बाहेर भर दुपारसारखं ऊन आहे, शेजारची पोरं रस्त्यावर बॉल खेळतायत. मी ग्लासभर पाणी घेऊन खिडकीशी जाते आणि तुम्ही माझ्या हातातून ग्लास काढून घेता.

"दिवे लागले. आता पाणी नाही."

"बाबा, पण सूर्य अजून वर आहे! झाडाला कसं कळणार संध्याकाळ झाली ते?"

"सूर्याचं सूर्य बघेल. आपल्या घरात दिवा लागला की आपल्या घरात संध्याकाळ. इथला सूर्य डिसेंबरात चारला पळतो आणि जूनमध्ये दहापर्यंत रेंगाळतो, त्याच्या नादाला लागलं तर माणसाने जेवायचं कधी?"

आणि ग्लासातलं पाणी तुम्ही स्वतः पिऊन टाकलंत. मी इतकी चिडले की दोन दिवस तुमच्याशी इंग्रजीतच बोलले. तुम्ही मराठीत उत्तरं दिलीत.

पुढे मी फार्मसी सोडून बागायतीच्या कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हा मात्र तुम्ही तडकलात. "माळीण करायला आणलं का तुला विलायतेत?" हे तुम्ही जेवताना म्हणालात, पोळी हातात तशीच धरून. आई म्हणाली, "अहो, पोरगी बोलतेय ते ऐका तरी." तुम्ही ऐकलं नाहीत. कॉलेजला निघायच्या सकाळी मात्र बसस्टॉपपर्यंत आलात, आणि बस दिसल्यावर कोटाच्या खिशातून तुमचा थर्मामीटर काढून माझ्या हातात दिलात. मोज्यांच्या कारखान्यात, रंगखात्यात, तुम्ही रंगाच्या पाण्यात बुडवायचात तो, पितळी नळीतला. निवृत्त होताना तो तुम्ही मागून घेतला होतात. "पाणी थंड असलं तर सूत रंग पीत नाही," एवढंच म्हणालात. आशीर्वाद म्हणायला ते जरा विचित्रच होतं. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कामावर आकडे दाखवणारे नवे वापरत राहिले.

तर त्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. लेक घरी आली होती. आता ती एडिनबराला हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मांडीवर मावायची. आमटीला फोडणी द्यायची म्हणून ती कात्री घेऊन माझ्या खिडकीतल्या कढीपत्त्याकडे गेली. जानेवारी, बाहेर अंधार, घरात दिवे लागलेले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणि आवाजसुद्धा तुमचा: "आता नको गं. झोपलंय ते."

ती कात्री तशीच धरून हसायला लागली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, seriously? मग तुझे कामावरचे झाडं कधी झोपते?"

"दुपारी," मी म्हटलं. "वीज रात्री स्वस्त मिळते ना. म्हणून डिसेंबरपासून, आधी फक्त आमच्याच खोलीत, रात्रभर दिवे असतात. दुपारी जेवणाच्या सुमाराला जातात, ते संध्याकाळी सातला परत येतात. त्यांची रात्र आपल्या दुपारी असते."

"ओके. And पाणी कधी देता?"

"बारा वाजता. जेवणाच्या आधी."

हे बोलले आणि पळी हातात घेऊन उभीच राहिले. तेल तापून धूर निघायला लागला. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "अगं, आम्ही त्यांना रोज झोपायच्या वेळी भिजवतोय."

तुम्हाला नीट सांगते, कारण तुम्हाला अर्धवट आवडायचं नाही. पूर्वी दिवे दिवसा असायचे, तेव्हा बारा म्हणजे त्या खोलीची भर दुपार. झाड जागं, दिव्यांची ऊब, दिलेलं पाणी पिऊन संपायचं. मग दिव्यांची वेळ फिरवली आणि पाण्याची फिरवायची कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण बारा वाजता पाणी ही आमच्या जेवणाच्या सुट्टीशी बांधलेली सवय होती. आता बारा म्हणजे तिथली संध्याकाळ. पाणी पडलं की दिवे जायचे, आणि कोवळी मुळं त्या ओल्या, गार भुशात त्यांची रात्र काढायची. आणि आम्ही तपासायला जायचो सकाळी, म्हणजे रात्रभर दिव्यांनी कुंड्या सुकून उबदार झाल्यावर. तेव्हा सगळं छानच दिसायचं. हवा मोजणारं यंत्र होतं, कुंडी मोजणारं नव्हतं. अंधारात खोली उघडायची नाही हा नियम असल्यामुळे आत काय चाललंय ते कुणी बघितलंच नव्हतं.

सोमवारी मी ड्रॉवरमधून तुमचा थर्मामीटर काढला. नवे होते की जवळ, पण हाच घ्यावासा वाटला. रीतसर परवानगी काढली, हिरवा टॉर्च घेतला, कारण त्या उजेडाने झाडाची झोप फारशी मोडत नाही, आणि दिवे गेल्यावर आत गेले. एका कुंडीत थर्मामीटर खुपसला. पारा उतरत उतरत गेला. बोट घालून बघितलं तर भुसा बर्फाच्या पाण्यात भिजवल्यासारखा. टाकीतलं पाणी हिवाळ्याचं, ते तसंच नळीतून येत होतं. तिथे अंधारात, हिरव्या उजेडात, मला बाबा तुमची इतकी आठवण आली की मी थर्मामीटर हातात घट्ट धरला. मग बाहेर येऊन मॅनेजरला सांगितलं.

तो म्हणाला, इतकं साधं असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, शुक्रवार तुझा, पण पाणी आजपासून माझं. टाकीत पाणी कोमट ठेवणारी विजेची कांडी सोडली आणि पाण्याची वेळ फिरवली. दिवे आल्यावर, झाड जागं झाल्यावर, थोडंसं, कोमट. त्यासाठी मी संध्याकाळची पाळी मागून घेतली. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही आणि मी घरी सगळ्यांवर खेकसत होते. तिसऱ्या दिवशी झुकलेली टोकं वर आली. शुक्रवारी मॅनेजर आला तेव्हा मी एक कुंडी उपडी करून त्याला मुळं दाखवली, पांढरी, नवी, कडेपर्यंत पोहोचलेली. तो खाली वाकला आणि म्हणाला, ठेव. आता ती रोपं पुढच्या खोलीत गेली आहेत, माझ्या कमरेपर्यंत आली आहेत.

झाडं खरंच झोपतात का, तर तुम्ही म्हणायचात तशी नाही. तुमचा नियमसुद्धा बहुधा गावाकडे अंधारात परसात साप निघायचे म्हणून आलेला. आणि हे औषध मी तुमच्यासमोर ठेवलं असतं तर तुम्ही बाटली लांब सारून म्हणाला असतात, "गांजा? मला?" मी चिडले असते, इंग्रजीत बोलले असते. तरीही मी ते रोज तुमच्यासमोर ठेवलं असतं. एखाद्या दिवशी पाय फारच जळले असते तर तुम्ही घेतलंही असतं, तोंड वाकडं करून. मला ते हवं होतं, बाबा. तुम्ही एकदा तरी पाय लांब करून नीट निजायला हवे होतात.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, थर्मामीटरच्या ड्रॉवरमध्ये राहील. एक तेवढं कबूल करते. अजूनही मी संध्याकाळच्याच पाळीला जाते. बरोबर सातला खोलीतले दिवे लागतात, सगळे एकदम, न फडफडता, आणि दारात उभ्या उभ्या माझे हात जोडले जातात. परवा मॅनेजरने ते बघितलं आणि विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, काही नाही, ग्लोव्हज नीट बसवतेय.