पावाचा वास

नेपल्स, ३ फेब्रुवारी १६९२

चि. ओर्तेन्सिआस अनेक उत्तम आशीर्वाद.

भट्टीतल्या पावाचा वास तुमच्या मठाच्या गच्चीवर कसा पोहोचतो, हा तुझा प्रश्न फार आवडला. क्रमाने पाहू. वास हा पावाला चिकटलेला निराळा गुण नव्हे. पावाचेच अतिसूक्ष्म कण सुटतात, हवेतून येतात आणि नाकाला लागतात. चवीचेही तेच, कण जिभेला लागतात. म्हणून जिथे चव, तिथे पाव असलाच पाहिजे. जोगीण झालीस तरी प्रश्न विचारण्याची खोड गेली नाही, हे उत्तम.

तुझा दादा,
गौदेन्त्सिओ

सालेर्नो, १९ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

आम्हाला आलेले पत्र मठमाता जेवताना सर्वांसमोर वाचतात, हे तुम्ही विसरलात आणि मीही. ‘जिथे चव, तिथे पाव’ येताच त्या थांबल्या. मिस्सेत वेदीवर पावाचे ख्रिस्तप्रभूचे शरीर होते, तरी चव पावाचीच राहते. मग तिथेही पावच का, असे त्यांनी विचारले. ताटे तशीच उचलली गेली. स्वयंपाकातल्या पेर्पेतुआमावशी तेवढ्या पुटपुटल्या, की भाऊ शहाणा निघाला की बहीण उपाशी.

पाखंड म्हणून पत्र बिशपांकडे गेले. त्यांच्या कारकुनाने मला शपथ घालून विचारले, हे अक्षर भावाचे का. दादा, मी हो म्हणाले. खोटी शपथ घेववली नाही.

आता धर्मन्यायालयाचे लोक तुम्हाला धरून नेतील. याच भोजनगृहात वाचता येईल असे माघारीचे पत्र लिहिलेत तर सोडतील, नाही तर जन्माची कोठडी. लिहा असे म्हणवत नाही, लिहू नका असेही म्हणवत नाही.

आपली,
ओर्तेन्सिआ

नेपल्स, ११ मार्च

चि. ओर्तेन्सिआस आशीर्वाद.

क्रमाने सांगतो. कण नाहीत. ती केवळ हिशेबाची सोय होती. मी ती कधीच खरी मानली नाही. हे कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. मला घरी सोडले आहे. प्रकृती उत्तम.

गौदेन्त्सिओ

सालेर्नो, २५ मार्च

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचले गेले. मठमातांचे समाधान झाले, सर्वजणी पोटभर जेवल्या. कण नाहीत आणि दडपण नाही, या दोन ओळी कशा लिहिल्या गेल्या हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याच खाली, त्याच शाईत, तुम्ही घरी असल्याचे आणि प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले आहे. त्याचे मी काय करू? अक्षर तुमचेच, हे पुन्हा शपथेवर सांगेन. त्यापलीकडे काही सांगता येत नाही.

लोभ ठेवावा, पण तसे पत्रात लिहू नये.

आपली,
ओर्तेन्सिआ