अकरा मिनिटांचा तुकडा

तीर्थरूप मावशीस दंडवत. (मनातल्या मनात, कंबर धरली आहे, वाकता येत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती ठीक आणि डोकं फिरलेलं आहे.

का, ते सांगते. आमच्या विमा कचेरीत महिनाभर एक तज्ज्ञ येऊन बसला होता. आम्ही त्याला टायवाला म्हणतो (टाय गाठ मारलेलाच विकत मिळतो, हे मला त्याच्यामुळे कळलं). कुठली फाइल कधी कुणाकडे गेली, कधी परतली, याची नोंद संगणकात आपोआप पडते. त्याने तीन वर्षांच्या नोंदी उपसल्या आणि कामातले पुन्हा पुन्हा येणारे तुकडे वेगळे काढले. का, तर एका शाखेतला चांगला तुकडा उचलून दुसरीकडे जसाच्या तसा बसवता येतो म्हणे. दावा घराचा असो, गाडीचा असो की आजारपणाचा, एक तुकडा सगळीकडे सापडला: फाइल माझ्या टेबलावर येते, अकरा मिनिटं थांबते आणि एक अक्षरही न बदलता पुढे जाते. वर त्या फाइलींबद्दल कुणाची तक्रारही येत नाही. टायवाला हरखलाच. आता सातही शाखांत संगणकच प्रत्येक फाइल अकरा मिनिटं अडवून ठेवणार, आणि माझं टेबल एक तारखेपासून बंद. नुसतं थांबायला माणूस कशाला, असं त्याचं म्हणणं.

मी भर बैठकीत उभी राहिले. (कंबर तेव्हाच धरली.) म्हटलं, त्या अकरा मिनिटांत मी दावेदाराला फोन करते, काय मिळणार, काय नाही, का नाही, ते नीट समजावते. तक्रार येत नाही ती म्हणून. फाइल नुसती ठेवून मुरत नसते. तुमच्या नोंदीत फोन दिसत नाही, यात माझा काय दोष? साहेब म्हणाले, पुरावा द्या. म्हटलं, खुशाल टेलिफोनचं बिल मागवा. मी कुणाच्या बापाला भीत नाही आणि टेबल सोडणार नाही. हे सगळ्या नातेवाइकांना कळवलंस तरी चालेल.

तुझी, अजून नोकरीत असलेली,
भाची

ता. क. बिल आलं. दावेदारांचे फोन ढीगभर निघाले, मान ताठ झाली माझी. फक्त त्यांत रोज साडेअकराला एकच नंबर आहे, तोही तीन वर्षं. तुझा. साहेब मंगळवारी तो लावून बघणार आहेत. तेव्हा तू दावेदार आहेस, आणि तुझा दावा फार गुंतागुंतीचा आहे.

आणखी एक. फोन उचलल्या उचलल्या, कोण बोलतंय हेही न विचारता, "घेतली गं बाई गोळी, पाण्याबरोबरच घेतली, चहाबरोबर नाही" असं म्हणू नकोस. म्हणजे मंगळवारी म्हणू नकोस. बुधवारी म्हण. टेबल राहो न राहो, साडेअकराला मी फोन करणारच.