लॉजवाली मालिका

२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुला खोली मिळाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. पण पंचावन्नाव्या वर्षी दुकानाच्या दुसऱ्या शाखेत स्वतःहून बदली मागायची, हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? इथली चष्म्याची गिऱ्हाइकं काय संपली होती?

गुरुवारी आपली लॉजवाली मालिका एकटीनेच पाहिली. काउंटरवरची चावीवाली नेहमीसारखी लोकांचे निरोप गिळून साळसूद चेहऱ्याने बसली होती. हसून हसून पोट दुखलं, पण शेजारी तू नव्हतीस. परत कधी येतेस?

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. खोली लहान आहे, खिडकीतून बसडेपो दिसतो. टीव्ही घेतलेला नाही. एक विचारायचं होतं. ती चावीवाली तुला एवढी का आवडते? चार वर्षं विचारीन म्हणत होते. सवडीने लिही.

धाकटी

२० जून

चि. धाकटीस,

उत्तर सोपं वाटलं. ती माणसांना जपते, कुणाला लॉज सोडून जाऊ देत नाही, असं लिहिणार होते. लिहायला बसले तेव्हा मालिका चालू होती. मोलकरणीसाठी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. पोरगी समोरच फरशी पुसत होती, आणि चावीवालीने गोड आवाजात सांगून टाकलं की ती केव्हाच नोकरी सोडून गेली. मालिकेतला नेहमीचा हशा पिकला. मला हसू आलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर त्याच आवाजात बोलले.

आता लपवत नाही. तुझा तो तरुणपणीचा औषधांचा फिरता विक्रेता, जो न सांगता नाहीसा झाला म्हणून तू महिनाभर धड जेवली नव्हतीस, तो नाहीसा झाला नव्हता. बाहेरगावाहून त्याने तीनदा तुझ्या दुकानासाठी ट्रंककॉल मागितला. तिन्ही वेळा बोर्डावर मी होते. दोनदा म्हणाले, कुणी उचलत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, त्या बाई बोलायला तयार नाहीत. आई नुकतीच गेली होती. तूही गेलीस तर संध्याकाळी मी कुणाची वाट बघायची, एवढंच सुचत होतं. वर घरी येऊन तुला धीरही मीच दिला.

हव्या तेवढ्या शिव्या दे, पण परत ये.

ताई

२८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मला हे ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन दुकानात चष्मा करायला आला. ती आत डोळे तपासून घेत होती, तेव्हा त्याने विचारलं, फोनवर बोलायला नकार का दिलास? तिन्ही कॉलच्या वेळा त्याला पाठ होत्या. सगळ्या तुझ्या पाळीतल्या. मी हातातली काच पुसत राहिले आणि म्हणाले, माझंच चुकलं.

तू आपणहून सांगशील म्हणून गप्प राहिले. मग ही मालिका लागली. दर गुरुवारी मी पडद्याकडे कमी आणि तुझ्या तोंडाकडे जास्त बघायचे. आज हिला कळेल, आज नक्की कळेल. तू टाळ्या पिटून हसायचीस. मला राग येईनासा झाला, तेव्हा मीच घाबरले आणि बदली मागितली.

शेजारी बसलेली असताना बोलली असतीस, तर तिथल्या तिथे माफ केलं असतं. आता वाईट वाटतं, पण परत यावंसं वाटत नाही. गोळ्या वेळेवर घेत जा. महिन्याला एक पत्र टाकीन.

पत्राखाली लोभ आहेच, तो वाढावा, असं लिहितात. ताई, तुझा लोभ आहेच. तो आता वाढू नये.

धाकटी