आधी टेम्पो काढा

प्रेमचे पप्पा,

तुम्ही मंठ्याला लग्नात, फोन उचलून न्हाई राह्यले, म्हणून लिहिते. दुपारी आपल्याच दारासमोर आईंना मोटारसायकलवाल्यानं उडवलं. पाय मोडलाय. मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन चालले.

नालीच्या कडंनं चालायला तुमच्या टेम्पोनं जागाच ठेवली न्हाई, म्हणून त्या रस्त्याच्या मधून येत होत्या. गाडीवाला सुसाट आला. मागं गल्लीच्या बैठकीत शेजारच्या सखूबाईंनी ब्रेकर मागितला, तवा तुम्हीच उठून म्हणले, "ब्रेकर केला तं माझ्या गाडीचे पाटे तुटतेत." तुमच्या आवाजापुढं ब्रेकर राहूनच गेला.

आत्ता आई कण्हत कण्हत मला म्हणल्या, "मिथुनला काही बोलू नको. बिचारा टेम्पो लावंल कुठं?" त्या न्हाई बोलणार. मी बोलणार.

चावी खिळ्याला हाय. आधी टेम्पो बाजाराच्या मैदानात नेऊन लावा. सखूबाई अन् गल्लीतल्या बाया दारासमोर मुरूम टाकून स्वतःच ब्रेकर करायल्यात. आपलं फावडं मीच दिलंय. त्यांना अडवायचं बिलकुल न्हाई. उलट दोन घमेले तुम्ही बी टाका, अन् मंगच आईला तोंड दाखवायला या.

दीपमाला