कासव जावयाचं नाटक

रवि. १२ सप्टें. २०१०
आज मराठी वर्गात मी चाटच पडले. वर्षभर इथे ल्यूकन गावाच्या त्या गारढोण हॉलमध्ये दर रविवारी नऊ पोरांसमोर घसा फोडतेय. मी मराठीत विचारायचं, त्यांनी "कॅन वी गो नाउ?" म्हणायचं. आज तयारी काहीच नव्हती, म्हणून बिसीची गोष्ट सांगितली.

बिसी म्हणजे समोरच्या घरातली. नायजेरियाची. तिची टोलू आणि माझी रेवा दुसरीत एकाच वर्गात. मंगळवारी दोघींना शाळेतून मी आणते, गुरुवारी ती. गुरुवारी ती केळ्याचे काप तळता तळता पोरींना गोष्टी सांगते. मीही बसते ऐकत, काम थोडंच आहे मला. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

तर कासव जावई सासुरवाडीला जातो. चुलीवर उसळ रटरटतेय. हावरट मेला, कुणी बघत नाही असं पाहून उकळती उसळ टोपीत भरतो आणि टोपी डोक्यावर! निघायला जातो तर दारात एकेक जण अडवतो. बसा की जावईबापू! टाळू भाजतेय, टोपी काढता येत नाही.

पोरं लोळली हसून. "बसा की जावईबापू!" सगळी एका सुरात. डॉक्टरांचा अर्णव, ज्याच्या तोंडून वर्षभरात एक मराठी शब्द पडला नव्हता, तो ओरडला, "अरे टोपी काढ ना!"

बाप रे. डोळ्यांत पाणीच आलं.

सोम. १३ सप्टें.
बिसीला सांगितलं. ती इतकी हसली की तळणीतला झारा खाली. म्हणाली, मामा रेवा, पण तू सुरुवात चुकवलीस. (तिच्याकडे आईला मुलाच्या नावाने हाक मारतात. मला 'मामा' म्हटलं की माझा नवरा शिरीष खो खो हसतो.) सांगणाऱ्याने आधी "गोष्ट, गोष्ट!" अशी हाळी द्यायची आणि ऐकणाऱ्यांनी ओ द्यायची. ओ आली नाही तर गोष्ट सांगायची नाही. आवडलं मला हे.

रवि. ३ ऑक्टो.
चार गोष्टी झाल्या. पोरं आता आपापसात भांडतातसुद्धा मराठीत. दिवाळीच्या कार्यक्रमात कासव जावयाचं नाटक करायचं ठरवलं. रेवाच्या हट्टामुळे टोलूही आहे, कासवाची बायको. दोन दिवसांत संवाद पाठ. 'टाळू', 'उसळ' काय खणखणीत म्हणते! आमची कार्टी अजून 'तालू', 'उसल'.

मंगळ. ५ ऑक्टो.
मराठी मंडळाची मीटिंग, ॲडम्सटाउनला. अध्यक्ष म्हणाले, "दिवाळीला काळ्यांच्या गोष्टी कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत?"
माझं डोकंच सटकलं. म्हटलं, ही भाषा माझ्यासमोर चालणार नाही. तुमच्या नातीला मराठी बोलायला लावलं ते त्या बाईच्या गोष्टींनी, तुमच्या भाषणांनी नाही. नाटक मंजूर.
गाडीत शि. म्हणाला, एवढं तोडून बोलायची काय गरज होती? होती! कुणीतरी बोलायला नको? स्वतःवर खूश आहे आज.

शुक्र. १२ नोव्हें.
नाटकाची खरेदी, रेवाला घेऊन. हॅलोविनचा उरलासुरला माल अजून होता दुकानात. पिवळा क्रेप कागद घेतला, गवताचे घागरे करायला. तोंडाला लावायचे रंग. ब्राउनही होता, पण तो आपल्याच रंगाचा, स्टेजवर दिसणार कसा? काळ्याच्या दोन डब्या घेतल्या. कासव सोडून सगळी सासुरवाडी रंगवणार. नागपूरला शाळेच्या गॅदरिंगला आम्ही असाच आफ्रिकन डान्स केला होता, पहिलं बक्षीस मिळालेलं.
रेवा मध्येच, "आई, नो. यू कान्ट." का? "यू जस्ट कान्ट."
म्हटलं, कारण सांगता येत नसेल तर आगाऊपणा नको.

रवि. १४ नोव्हें.
काय झालं ते अजून कळत नाहीये. क्रमाने लिहिते.
बिसी वेळेवर आली. डोक्याला निळं कडक कापड बांधून, सगळ्यांसाठी खाऊचा मोठा डबा घेऊन. अध्यक्षांनी स्वतः पुढच्या रांगेत बसवलं, गुलाबाचं फूल दिलं. पडदा उघडला. अर्णवने हाळी दिली, "गोष्ट, गोष्ट!" अख्ख्या हॉलने ओ दिली.
मी विंगेतून बिसीकडेच बघत होते. ओ द्यायला तिचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मला वाटलं, भरून आलं तिला. गाढव मी.
मग ती उठली. बाजूच्या पायऱ्या चढून भर नाटकात स्टेजवर आली, टोलूचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. टोलूचं वाक्य अर्ध्यावर.
लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या वाजवल्या!

सोम. १५ नोव्हें.
बिसी फोन उचलत नाही. पडदे ओढलेले.
रेवा सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. शि.ने नेटवर शोधून वाचायला लावलं. गोरे लोक तोंडाला काळं फासून काय काय करायचे, आफ्रिकन लोकांची कशी टिंगल करायचे. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं? आठ वर्षांच्या माझ्या पोरीला कळत होतं, आणि मी बी. एड.?
अध्यक्षांचा फोन. नाटक फक्कड झालं, त्या बाईंना बरं वाटत नव्हतं का? मी "हो" म्हणून फोन ठेवला. हो म्हटलं मी! लाज वाटते.

गुरु. १८ नोव्हें.
गुरुवार, तरी शाळेत मीच गेले. बिसी आलीच. टोलूला घेतलं. माझ्याकडे बघून मान हलवली, "मिसेस पाठक." एवढंच. 'मामा रेवा' नाही, दोन वर्षांत पहिल्यांदा. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दोघी पुढे, आम्ही मागे, एकाच रस्त्याने घरी.

रवि. २१ नोव्हें.
वर्गाला सुट्टी दिली. समोर गेले. बेल वाजवली.
भडाभडा बोलले. मला माहीत नव्हतं, आमच्याकडे शाळेत असंच करतात, कुणाचं मन दुखवायचं नव्हतं.
तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, रंगाचं मी समजू शकते. तू लांबून आलीस, तुला कुणी सांगितलं नसेल. पण टोलू रंगवून घ्यायच्या रांगेत उभी होती. सगळ्यांसारखी. डोळे मिटून, तोंड पुढे करून. तू तिच्यापाशी आलीस आणि काय म्हणालीस?
आठवेना. खरंच आठवेना. आणि मग आठवलं.
"तुला काय गरज? तू तर रेडीमेडच आहेस!"
इंग्रजीत म्हटलं होतं, तिला कळावं म्हणून. सगळ्या आया हसल्या. मीही हसले. आणि पुढच्या पोराचं तोंड रंगवायला घेतलं.
अरे देवा.
बिसी म्हणाली, आठ दिवस ती विचारतेय, त्या सगळ्या का हसल्या? मी काय सांगू तिला, तूच सांग.
मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, माझी नको, तिची माफी माग. आज नको. नीट विचार करून ये. आणि दार लावलं.

सोम. २२ नोव्हें.
जेवण गेलं नाही. अध्यक्ष एक शब्द बोलले तर त्यांना फाडून खाल्लं मी, कॉलर ताठ करून घरी आले. त्यांनी निदान कुणाच्या पोरीच्या तोंडावर तर म्हटलं नव्हतं.
शि. म्हणतो, गंमत केलीस, तू काही वाईट बाई नाहीस. गंमतच तर केली, शिरीष! तेच तर!

सोम. २९ नोव्हें.
बर्फच बर्फ. शाळा बंद. रेवा खिडकीत नाक लावून. समोर टोलूही तिच्या खिडकीत. दोघी खुणा करत होत्या. शेवटी दोघी बाहेर पडल्या, अंगणात बर्फाचा माणूस केला. दहा मिनिटांनी बिसीने हाक मारली, टोलू गेली. माणूस बिनडोक्याचा राहिला.
काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. रेवाला वाचून दाखवलं. "टू लाँग, आई."

शनि. ४ डिसें.
गेले. दार बिसीने उघडलं, टोलूला बोलावलं. पायजम्यात, हातात टोस्ट. मी पायपुसण्यावर उकिडवी बसले, तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणून. कागद खिशातच राहिला. म्हटलं, टोलू, मी सगळ्यांसमोर तुझी टिंगल केली. ती माझी चूक. तुझ्यात काहीही...
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "इट्स ग्रँड." (इथे 'असू दे, ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात.) आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मला! थोपटून आत गेली टीव्ही बघायला.
क्षणभर हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बिसीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हायसं वगैरे काही नव्हतं. विचारलं, गुरुवारचं काय? ती म्हणाली, बघू.
घरी आले तर रेवा जिन्यातच बसलेली. "व्हॉट डिड शी से?"
म्हटलं, ग्रँड म्हणाली.
"शी ऑल्वेज सेज दॅट." शाळेतून येताना दुकानाबाहेरची मोठी मुलं तिच्यावर आणि बिसीवर ओरडतात तेव्हापण टोलू तेच म्हणते. आणि एकदा त्यांनी चिप्स फेकल्या, तेव्हापण.
कुठली मुलं? काय ओरडतात? कधी?
"थर्सडेज," म्हणाली आणि वर गेली.
गुरुवारी. म्हणजे बिसी दोघींना आणते तेव्हा, रेवा बरोबर असताना. दोन वर्षं! आणि घरी आल्यावर मी काय विचारायचे, तर डबा संपवलास का.
वर दार बंद आहे. जाऊन विचारायला हवं. जाते.